पेशी मोजल्या, पण कधी आणि कुणाच्या?

कॉर्नियाच्या आतल्या बाजूला एंडोथेलियम पेशींचा एकच थर असतो. कॉर्नियातलं पाणी बाहेर काढत राहणं हे त्याचं काम. या पेशी मेल्या तर माणसाच्या डोळ्यात सहसा नव्या तयार होत नाहीत. म्हणून रोपणानंतर किती पेशी टिकल्या, हा प्रश्न कळीचा.

मॅरियान प्राइस आणि सहकाऱ्यांचा 2010 चा पेपर दोन शस्त्रक्रियांची तुलना करतो. पीकेमध्ये कॉर्नियाची पूर्ण जाडीची चकती टाक्यांनी शिवतात. डीएसईकेमध्ये फक्त आतला पातळ थर लहान छेदातून आत सरकवतात आणि हवेच्या बुडबुड्याने चिकटवतात. सहा महिन्यांनी पेशींची घट डीएसईकेत 34 टक्के, पीकेत 11. वर्षाला 38 आणि 20. इथेच वही मिटली तर निकाल सरळ लागतो: जुनी पद्धत बरी.

पण थांबा. याच गटाचा 2013 चा पेपर बघा. फुक्स विकाराच्या रुग्णांत तीन वर्षांनी घट 46 आणि 51 टक्के, म्हणजे फरक जवळपास संपला. डीएसईकेत पेशी मुख्यतः आत सरकवताना, हाताळताना मरतात. पीकेत त्या सावकाश पण सतत कमी होत जातात. मग एका वर्षाच्या आकड्याने पद्धत ठरवायची कशी?

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. डीएसईके केलं दोन अनुभवी सर्जननी, 173 रुग्णांवर. पीकेचे 410 रुग्ण आधीच्या कॉर्निया डोनर स्टडीतले, 45 ठिकाणच्या 68 सर्जनांचे. चिठ्ठ्या टाकून वाटप नाही. आता पक्षपात कुठल्या बाजूला झुकतो ते बघा, हे शिकण्यासारखं आहे. निष्णात हात डीएसईकेच्या बाजूने, तरी सुरुवातीला घट तिथेच जास्त. म्हणजे पहिल्या वर्षाच्या त्या निष्कर्षावर विश्वास ठेवता येतो. तीन वर्षांच्या बरोबरीवर तेवढा नाही. तिथे ते हातच आकडा सावरत असतील.

शिवाय मोजणी झाली ती रोपण स्वच्छ राहिलेल्या आणि किमान एकदा पेशींचा फोटो निघालेल्या रुग्णांची. धुरकटलेल्या कॉर्नियातून पेशी दिसतच नाहीत, त्यामुळे सर्वांत वाईट डोळे सरासरीत येत नाहीत. आमच्या हिंगोलीत यात आणखी एक गट निसटेल. सेनगावचा शेतकरी सोयाबीन काढणीत तपासणीला जाणार नाही, वसमतचा हळद शिजवायच्या दिवसांत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर कॉर्निया सुजलेले रुग्ण आपल्याकडे बरेच असतात. याच 2013 च्या पेपरात फुक्स नसलेल्यांत घट 59 आणि 61 टक्के आहे, आणि सारांश घाईत वाचणारे ती ओळ वगळतात.

माझ्या प्रस्तावाच्या तक्त्यात मी 'तपासणीला न आलेले' असा वेगळा रकाना ठेवलाय. गाईड म्हणाले, हा रकाना मोकळाच राहील. मी म्हटलं, सर, कळमनुरीची शेवटची बस किती वाजता सुटते ते आधी विचारू या.