पंचवीस वॅटचे उत्तर

दहावीला वीज शिकवणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी हे गणित फळ्यावर सोडवून दाखवले असेल. एका दिव्यावर २२० व्होल्ट, १०० वॅट असे लिहिले आहे. तो ११० व्होल्टवर लावला तर किती शक्ती वापरेल? एनसीईआरटीच्या २००६ साली प्रथम निघालेल्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात ते पर्यायी प्रश्न म्हणून आले आहे. आकडे बदलून ते अनेक गाइडांत आणि सराव-संचांतही भेटते. रीत ठरलेली आहे. २२० चा वर्ग भागिले १०० म्हणजे रोध ४८४ ओहम. मग ११० चा वर्ग भागिले ४८४, म्हणजे २५ वॅट. विभवांतर निम्मे झाले, शक्ती पाव झाली.

मीही अनेक वर्षे या उत्तराला पूर्ण गुण दिले. एकदा एका विद्यार्थिनीने घरी काढून ठेवलेला असा एक दिवा वर्गात आणला आणि त्याच्या टोकांना मल्टिमीटर लावला. मीटरने ३५ ओहम दाखवले. ४८४ कुठे आणि ३५ कुठे! “मीटरमधला सेल उतरला असेल,” असे म्हणून मी तिला जागेवर बसवले. मीटर ठीक होता. चूक माझी होती.

दिव्यातील टंगस्टनची तार पेटल्यावर सुमारे २५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि तिचा रोध थंड असतानाच्या चौदापट होतो. तेव्हा ३५ ही थंड तारेची खरी किंमत आणि ४८४ ही पेटलेल्या तारेची. बटण दाबताक्षणी ०.४५ नव्हे, तर ६ अँपिअरच्या आसपास धारा क्षणभर वाहते. म्हणूनच जुना दिवा बहुधा लावतानाच जातो. आता हाच दिवा ११० व्होल्टवर लावा. तार कमी तापेल, म्हणून तिचा रोध ४८४ राहणार नाही. तो ३६५ ओहमच्या आसपास येईल. शक्ती भरेल सुमारे ३३ वॅट. पर्यायांत हे उत्तर नाहीच!

गंमत अशी, की तापमान कायम असेल तरच ओहमचा नियम लागू, ही अट त्याच प्रकरणात दिलेली आहे. रोध तापमानानुसार बदलतो हेही तिथेच सांगितले आहे. स्वाध्यायापर्यंत येता येता मात्र पुस्तकाला स्वतःच्याच अटीचा विसर पडला.

दोष सूत्रांचा नाही. ती सगळी एकाच पातळीवरची आहेत असे आपण शिकवतो, तिथे गफलत होते. विभवांतर भागिले धारा म्हणजे रोध, ही व्याख्या आहे. ती कोणत्याही क्षणी वापरता येते. सेलच्या परिपथात विभवांतर गुणिले धारा म्हणजे शक्ती, हेही नेहमी खरे. पण एका स्थितीत काढलेला रोध उचलून दुसऱ्या स्थितीत वापरायचा, तर तो बदललेला नाही याची खात्री हवी. ओहमचा नियम नेमके एवढेच सांगतो, तेही अटीसह. त्रिकोणात तीन अक्षरे मांडून एकावर बोट ठेवण्याची युक्ती हा फरक पुसून टाकते.

गेऑर्ग ओहम स्वतः कोलोनच्या एका शाळेत शिक्षक होते. १८२५ मध्ये व्होल्टाच्या घटांवर केलेल्या प्रयोगांतून त्यांच्या हाती चुकीचे सूत्र आले, कारण घट स्थिर राहत नव्हते. १८२६ मध्ये त्यांनी तांबे आणि बिस्मथ यांचे तापयुग्म घेतले, एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. तेव्हा कुठे नियम सापडला. जो नियम परिस्थिती स्थिर ठेवण्याच्या एवढ्या खटाटोपातून जन्मला, तो शिकवताना आपण परिस्थितीच विसरतो!

“दहावीच्या मुलांना एवढा काथ्याकूट कशाला?” असे कोणी म्हणेल. पण गणित अवघड करा असे माझे म्हणणे नाही. फक्त दिव्याच्या जागी पाणी तापवण्याचा १००० वॅटचा रॉड घ्या. त्यातील नायक्रोमच्या तारेचा रोध तापल्यावरही फारसा बदलत नाही. २३० व्होल्टसाठी रोध येतो ५२.९ ओहम, आणि प्लगपासून सोडवलेल्या रॉडवर मल्टिमीटरही जवळपास तेच दाखवतो. विभवांतर २०० व्होल्टवर उतरले तर शक्ती राहते सुमारे ७५६ वॅट. वीज मंद असली की अंघोळीचे पाणी तापायला जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने जास्त वेळ का लागतो, ते मुलांना हिशेबाने कळेल. आजच्या एलईडी दिव्याला तर ही रीत अजिबात लावू नये. विभवांतर बरेच उतरले तरी चांगल्या एलईडी दिव्यातील परिपथ शक्ती जवळपास तेवढीच राखतो.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोगही आहे. टॉर्चचा तारेचा बल्ब आधी एका आणि मग दोन सेलांवर लावा. दोन्ही वेळा विभवांतर आणि धारा मोजून भागाकार करा. विभवांतर दुपटीच्या जवळ जाते, धारा मात्र दीडपटीच्या आसपासच वाढते. घरच्या विजेवर हे मोजमाप मुलांना करू देऊ नये. सेल पुरेसे आहेत.

त्या मुलीने सूत्र आणि मीटर शेजारी शेजारी ठेवले होते. आपल्याला आणखी काय शिकवायचे असते? मी मीटरला दोष दिला आणि ती गप्प बसली. असे दोन-तीनदा झाले, की मूल मोजायचे सोडते आणि उत्तर पाठ करू लागते. तेव्हा यंदा हे गणित फळ्यावर लिहिण्याआधी एक जुना दिवा आणि मल्टिमीटर टेबलावर आणून ठेवा.