होकाराचं बटण

आजचा विषय मोबाइलवरच्या खासगीपणाचा आहे, पण सुरुवात आम्ही धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखापासून करणार आहोत. कारण संमती हा शब्द त्या गावाइतका घासूनपुसून आपल्याकडे फार कुणी पाहिलेला नाही. तिथली ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही, सर्वसहमतीने घेते. एकालाही पटत नसेल तर विषय थांबतो. अभ्यास गट बसतो, जाणकाराला बोलावलं जातं, पुन्हा चर्चा होते. वेळ लागतो हो, लागू द्यायचा असतो. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तो अशी सवय असलेल्या गावाला.

आता दुसरा होकार पाहा. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की एक पान समोर यायचं : नव्या अटी ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा. 'मान्य' होतं, 'अमान्य' नव्हतं. ओरड झाली म्हणून मुदत १५ मेपर्यंत गेली, अटी त्याच राहिल्या. २०१६ मध्ये जुन्या ग्राहकांना जाहिरातींसाठी माहिती वापरू न देण्याची निदान थोडी सवड दिली होती. यावेळी तीही नाही. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेटा कंपनीला २१३ कोटींवर दंड केला. घ्या नाहीतर चालते व्हा, याला संमती म्हणता येत नाही, असा त्याचा साधा अर्थ.

'मग सोडा ना व्हॉट्सअ‍ॅप,' असं शहरातले मित्र म्हणतात. शाळेचा निरोप, आशाताईची सूचना, ग्रामसभेच्या बैठकीची वेळ, सगळं त्यावरच येत असेल तर सोडणाऱ्याने जायचं कुठे?

कायदा आला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि नि:संदिग्ध हवी असं लिहिलंय. शब्द चांगले आहेत. सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी, हेही आहे. म्हणजे मराठीत मिळेल. पण त्या अनुसूचीत गोंडी नाही, माडिया नाही, कोलामी नाही. भामरागडचे माडिया आणि जिवतीचे कोलाम यांना सरकारच आपल्या यादीत विशेष असुरक्षित आदिवासी म्हणतं, आणि कायदा मात्र त्यांच्या भाषेत एक ओळ छापायला कुणाला बांधत नाही. माहितीपूर्ण म्हणजे कुणाला माहिती?

आमची खरी तक्रार याहून खोल आहे. हा सगळा कायदा एकेकट्या माणसाचा होकार धरून चालतो. तुम्ही फोनमधली नावांची यादी एखाद्या अ‍ॅपला उघडून देता, तेव्हा त्यात सरपंचाचा नंबर असतो, मामाचा असतो, ज्याने ते अ‍ॅप कधी घेतलंच नाही अशा शेजाऱ्याचाही असतो. त्यांना कुणी विचारलं? आणि घरगुती कामासाठी माणूस जे करतो ते या कायद्याने बाहेरच ठेवलंय, त्यामुळे विचारायचं बंधन तुमच्यावर नाही. एका अंगठ्याने निम्मं गाव दिलं जातं. बांबूची एक काडी गावाला विचारल्याशिवाय हलू नये म्हणून जी माणसं वर्षानुवर्षं भांडली, त्यांच्याच खिशातून हे चाललंय.

तर मग माहितीही ग्रामसभेच्या हातात द्यावी का? इथे आम्ही अडखळतो. जंगल गावाचं असतं, पण एखाद्या मुलीचा फोन गावाचा नसतो. तिने कुणाशी बोलावं यावर गावाची सर्वसहमती व्हायला फार वेळ लागत नाही, हे आपण जाणतो. मेंढ्याकडून घ्यायचं ते गावाचा ताबा नव्हे. थांबण्याची सोय आणि एकट्याच्या नकाराचं वजन.

आणि बोट फक्त कंपनीकडे नको. एका गावात आम्ही कार्यक्रम घेतला, फोटो काढले, संध्याकाळी गटावर टाकले. नाचणाऱ्या बायकांचे, अर्थात. तेच सगळे टाकतात. काही दिवसांनी त्यातल्या एका बाईने आमच्या कार्यकर्त्याला विचारलं, 'माझा फोटो माझ्या भावाकडे पुण्याहून आला. तुम्ही पुण्याला कधी दिला?' आम्ही तो लगेच काढून टाकला. संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं, असं तोच कायदा म्हणतो. आमच्या गटातून फोटो गेला. पुण्यातल्या गटांपर्यंत पोचायला आमच्याकडे वाट नव्हती. तसं त्या बाईला सांगायला आम्ही परत गेलो, तेव्हा ती तेंदू तोडायला गेली होती.