दगडी कोळसा, लाकडी कोळसा

प्रभाकर पाचपुते (जन्म १९८६) चंद्रपूर जिल्ह्यातील सास्तीचे. घरच्या तीन पिढ्या कोळसा खाणीत राबल्या. त्यामुळे त्यांची चित्रे खाणीच्याच कोळशाने काढलेली असावीत, असे वाटू शकते. पण रेखाटनाचा कोळसा दगडी नसतो, तो जाळलेल्या लाकडाचा असतो.

समीक्षेने हा भेद जपायला हवा. उघड्या खाणीत कोळशाआधी वरचे शेत आणि रान जाते. पाचपुते जमिनीखालच्या खाणीची गोष्ट जमिनीवरच्या झाडाच्या कोळशाने सांगतात. कार्डिफच्या ‘आर्टेस मुंडी ९’ प्रदर्शनात (२०२१) वेल्सच्या खाणकामगारांच्या मोर्चांची निशाणेही त्यांच्या चित्रांत उतरली.

मात्र भिंतीवरची त्यांची अनेक रेखाटने प्रदर्शन संपल्यावर पुसली जातात. खाणीसाठी उठलेल्या गावांचेही तसेच होते. म्हणून या चित्रांची नोंद चंद्रपुरातही ठेवली जायला हवी.