हॉएल यांचे कथालेखन आणि नारळीकर

जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या विज्ञानकथेवर फ्रेड हॉएल यांचे ऋण आहे, असे आपल्याकडे सांगितले जाते. ते ऋण नेमके कशाचे, याची चिकित्सा मात्र क्वचितच होते. गुरुशिष्यांनी १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मिळून मांडला, एवढ्यावरून वाङ्मयीन वारसा सिद्ध होत नाही.

हॉएल यांचे लेखन एकजिनसी नाही. ‘द ब्लॅक क्लाउड’ (१९५७) या कादंबरीत सूर्यास झाकणारा मेघ स्वतःच विचारशील निघतो, आणि त्याचे ज्ञान ग्रहण करू पाहणारा शास्त्रज्ञ त्या भाराने मृत्यू पावतो. ‘ओसियन्स राइड’ (१९५९) ही जवळजवळ हेरकथाच. ‘ऑक्टोबर द फर्स्ट इज टू लेट’ (१९६६) मध्ये तर पृथ्वीवर निरनिराळे काळ एकाच वेळी नांदतात, आणि निवेदक आहे संगीतकार! पात्रे बहुधा एकाच आवाजात बोलतात, हा दोष खराच.

नारळीकरांनी उचलली ती पहिल्या कादंबरीतील तर्काची शिस्त, आणि तिला त्यांनी मराठी घर दिले. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत डावे-उजवे पालटण्याची भूमितीय कल्पना मूर्तीच्या सोंडेवर येऊन ठेपते. त्या सोंडेचे महत्त्व आपल्या वाचकास समजावून द्यावे लागत नाही. हे हॉएल यांना साधते ना. उलटपक्षी, गुरूची ती संगीताकडे वळणारी, काहीशी बेभान वाट शिष्याने चोखाळली नाही. आणि पुढील मराठी विज्ञानकथेनेही, त्यांच्याकडेच पाहत, ती बहुतांशी टाळली, असे आम्हांस वाटते.