शिणाची मोजपट्टी

वैद्यकीय विद्यार्थ्यांमधील ‘बर्नआउट’वर लिहिताना टक्केवारी आवर्जून दिली जाते. ती ज्या प्रश्नावलीतून निघते, ती मात्र क्वचितच कोणी बारकाईने वाचते. येथे मी ती प्रश्नावलीच एक संहिता म्हणून वाचतो आहे.

हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४मध्ये या अवस्थेवर लिहिले, ते मोफत दवाखान्यांत राबणाऱ्यांना पाहून. १९८१मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी २२ विधानांची प्रश्नावली मांडली. भावनिक थकवा, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही घडत नाही ही भावना, असे तिचे तीन पदर. ‘कधीच नाही’ ते ‘रोज’ यांसाठी ० ते ६ गुण.

२००२मध्ये विल्मार शाउफेली आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांसाठीची आवृत्ती पुढे आणली. विद्यार्थ्याचे काम म्हणजे अभ्यास, हे तिचे गृहीतक. त्यामुळे दुसरा पदर बदलला: माणसाविषयीच्या कोरडेपणाच्या जागी अभ्यासाविषयीची अनास्था आली. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हे चालेल. एमबीबीएसचा विद्यार्थी मात्र वॉर्डात जाऊन रुग्णाची हिस्ट्री घेतो, इंटर्नशिपमध्ये रात्रपाळ्या करतो. त्याच्यासाठीच्या प्रश्नावलीतून रुग्णच वगळला गेला आहे! उलट मूळ प्रश्नावली द्यावी, तर पहिल्या वर्षी शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभ्या असलेल्या मुलाकडे तिची उत्तरे नसतात.

मोजमापाचा हा गोंधळ विद्यार्थ्यांपुरता नाही. डॉक्टरांवरील १८२ अभ्यासांचा आढावा २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बर्नआउटच्या किमान १४२ व्याख्या आढळल्या आणि प्रमाण शून्यापासून ८०.५ टक्क्यांपर्यंत निघाले. इतके अंतर केवळ डॉक्टरांच्या थकण्यातले असेल, असे मला वाटत नाही. बरेचसे मोजपट्टीतले आहे.

आपल्या भाषेत शीण वेगळा, कंटाळा वेगळा आणि जीव विटणे वेगळे. शीण झोपेने उतरतो. विटलेला जीव सुटीतही ताळ्यावर येत नाही. ‘बारा नंबरचा पेशंट’ म्हणणारा इंटर्न आतून आटला आहे, की गर्दीच्या वॉर्डाची ती नुसती बोली आहे? हे कळायला त्याला रुग्णाविषयीच विचारावे लागेल. तसे न विचारता काढलेल्या आकड्यात, अभ्यासात चोख पण रुग्णाशी तुटलेला मुलगा निरोगी ठरतो. उद्या आपल्या खाटेशी तोच उभा राहणार आहे.