कथा आणि नियतकालिके, मराठी
मराठी लघुकथेची वाचकाशी पहिली ओळख ग्रंथातून नव्हे, तर नियतकालिकातून झाली. ह. ना. आपटे यांच्या करमणूक (१८९०) साप्ताहिकातील ‘स्फुट गोष्टीं’नी व का. र. मित्र यांच्या मासिक मनोरंजनाने (१८९५) एका बैठकीत संपणाऱ्या गोष्टीची गोडी सुशिक्षित घरांत रुजविली. मनोरंजनाच्या १९०९ च्या दिवाळी अंकाने ह्या वाचनाला सणाची जोड दिली. पृष्ठमर्यादेमुळे कथा आटोपशीर झाली, तशीच अंकाच्या निकडीमुळे पुष्कळदा साचेबंदही झाली. हा साचा मोडण्यास सत्यकथा मासिकाने मोठा वाव दिला. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले प्रभृतींची नवकथा घटनेपेक्षा मनोव्यापारांना महत्त्व देई. तिला सावकाश, प्रसंगी दुसऱ्यांदा वाचणारा वाचक हवा होता आणि तो महिन्यामागून महिने अशा अंकांच्या सहवासातच घडत गेला. १९८२ मध्ये सत्यकथा बंद पडल्यावर कथेची भिस्त अधिकाधिक दिवाळी अंकांवर पडली. त्यांत कथा विपुल असतात (जाहिरातींतून त्या शोधाव्या लागतात, हे वेगळे). परंतु वर्षाकाठी एकदाच भेटणाऱ्या वाचकाकडून नव्या कथाकाराला मासिकासारखा सततचा प्रतिसाद मिळत नाही. समीक्षकांनी कथेचा विचार बहुधा संग्रहांवरून केल्यामुळे ही हानी फारशी नोंदली गेलेली नाही.