उसातलं भय

मराठी भीतीचा मुक्काम सध्या कायमचा कोकणात पडला आहे. 2018 साली 'तुंबाड' आला तेव्हा त्याला म्हणावी तशी गर्दी झाली नाही. 2024च्या सप्टेंबरात तोच चित्रपट पुन्हा लावला, तर पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमला. त्याच वर्षी जूनमध्ये 'मुंज्या' तुफान चालला. त्याच्या कितीतरी आधी 'रात्रीस खेळ चाले'ने अण्णा नाईक घरोघर पोचवले होते. तेव्हापासून जो उठतो तो लाल माती, शेवाळलेली विहीर, पडका वाडा, पिंपळ आणि पाऊस एवढं सामान गोळा करून भीती दाखवायला निघतो. मला याचा राग येतो आणि त्याचं कारण घरातलं आहे. आमच्या वाळवा तालुक्यातली, उसाच्या फडाला लागून वाढलेली पोरं लघुपट करतात. त्यांच्याकडे बरे कॅमेरे आहेत, संकलनाची समज आहे. पण भीतीचा विषय निघाला की गाडी भाड्यानं घेऊन घाट उतरतात. इस्लामपुरात भिण्यासारखं काही नाही, असं यांना कुणी सांगितलं?

यात 'तुंबाड'चा दोष नाही. राही अनिल बर्वे यांनी नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा घेऊन जे उभं केलं, त्यातला पाऊस सजावटीसाठी पडत नाही. 1918, 1933, 1947 असे तीन टप्पे घेत एक घर स्वतःच्या हावेनं कसं पोखरत जातं, हे त्यात दिसतं. त्यातलं हस्तर नावाचं भूत दचकवतं हे खरं. पण अंगावर काटा येतो तो विनायकराव आपल्या लहान मुलाला त्या गर्भागारात उतरायची तालीम देतो तेव्हा. भूत पुराणातलं असलं तरी पोराला खाली सोडणारा हात बापाचा आहे. मागून आलेल्यांनी पाऊस उचलला, पिठाची बाहुली उचलली आणि तो हात तेवढा मागे ठेवला.

माझ्या लेखी अलीकडच्या मराठी भयपटांत सर्वांत महत्त्वाचा आहे तो विशाल फुरियांचा 'लपाछपी', आणि तो उसात घडतो. पोटुशी नेहा (पूजा सावंत) नवऱ्याच्या देण्याचा तगादा चुकवायला म्हणून त्याच्याबरोबर आडगावच्या एका घरी येते. घराच्या चारी बाजूंना ऊस. घर सांभाळणारी तुळसाबाई तिचं सगळं मायेनं करते, आणि उषा नाईक यांनी ती माया इतकी खरी केली आहे की तिचीच भीती वाटू लागते. चित्रपटाची मोठी कमाई म्हणजे त्याचं ऊन. अंधाराचा आडोसा न घेता, भर दुपारी, हिरव्यागार पिकात माणूस हरवतो. शेवटाकडे सगळं उलगडून सांगायचा मोह दिग्दर्शकाला आवरत नाही, आणि काही ठिकाणी आवाजाचे धक्के नको इतके आहेत. तरी या चित्रपटाला उसाची जाण आहे, आणि ती फार थोड्या कॅमेऱ्यांना आली आहे.

फडात शिरलेल्या माणसाला ही जाण शिकवावी लागत नाही. आडसाली ऊस वर्षाचा होऊन पडला की सरीतून चालता येत नाही, रांगावं लागतं. पात्याच्या कडेनं गाल चिरतो. वर बघावं तर पाला, पुढं बघावं तर पाला. पाचट वाजलं ते वाऱ्यानं की पायानं, हे ठरवता येत नाही. रात्रीच्या लाइटीवर दारं धरायला गेलेला शेतकरी बॅटरी मारत, मोठ्यानं बोलत बांधावरून चालतो, कारण बिबट्या आता डोंगरात कमी आणि फडात जास्त असतो. तोडणीला आलेल्या टोळीतली बाई पोराला पाचटावर निजवते आणि दर चार मोळ्यांमागे मान वळवून बघते. त्या मान वळवण्यात एक अख्खा भयपट आहे. तो करायला ना वाडा लागतो ना पिंपळ.

कानेतो शिंदो या जपानी दिग्दर्शकानं 1964 साली 'ओनिबाबा' केला तेव्हा त्याला हे कळलं होतं. पुरुषभर उंच गवताचं रान, दूर कुठंतरी लढाई, आणि त्या गवतात राहणाऱ्या सासू-सुना. वाट चुकून आलेल्या सैनिकांना त्या मारतात, प्रेतं खड्ड्यात टाकतात आणि चिलखतं विकून पोटापुरतं धान्य आणतात. गवत सतत हलत असतं. मुखवटा येतो, सैतानाची सावली येते, पण सगळ्याच्या मुळाशी भूक आहे आणि भुकेच्या मुळाशी युद्ध. चित्रपट त्या युद्धाला एक क्षणही नजरेआड होऊ देत नाही. ज्याच्या घरामागे ऊस आहे अशा कुणीही 'ओनिबाबा' आणि 'लपाछपी' लागोपाठ पाहावेत.

'लपाछपी'तलं गुपित मुलींचं आहे. मुलगी नको म्हणून जे केलं जातं, ते त्या उसात पुरलेलं आहे. चित्रपट जुलै 2017मध्ये थिएटरात आला. त्याच वर्षी मार्चमध्ये आमच्याच सांगली जिल्ह्यात, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला, बेकायदा गर्भपातात एका बाईचा जीव गेला आणि तपासात ओढ्याकाठी पुरलेले 19 स्त्रीभ्रूण सापडले. सिनेमा त्याआधीच तयार झालेला होता, तेव्हा कुणी बातमीवरून कथा बेतली असं म्हणायची सोय नाही. फुरियांनी जे कल्पिलं ते इथं रीतसर चालू होतं: पाटी लावलेल्या दवाखान्यात, दिवसाढवळ्या, पैसे मोजून. पुढे याच कथेचा हिंदीत 'छोरी' झाला, देशभर पाहिला गेला. आपल्याकडे मात्र 'लपाछपी'ची गणना 'एक बरा भयपट' एवढ्यावर आटोपली, आणि पुढच्या पोरांनी त्यातून घेतलं काय, तर लपाछपी खेळणारी भुताची मुलं.

साखरपट्ट्याची भीती पडद्यावर आणण्याची परंपरा याहून कितीतरी जुनी आहे, आणि ती आमच्या अंगणातली आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 1925 साली 'सावकारी पाश' केला. त्यातलं अंधारलेलं झोपडं आणि रडणारं कुत्रं पाहिलेल्यांच्या आयुष्यभर लक्षात राहिलं. मूकपट होता, कुत्र्याचा आवाज पडद्यावरून येत नव्हता, तरी तो ऐकू आला. भूत त्यातही नाही. कागदावर अंगठा आहे, जमीन जाणार आहे, आणि झोपडं ते जाणून आहे. मग सत्तरच्या दशकातला तेंडुलकर-पटेलांचा 'सामना'. निळू फुल्यांचा हिंदूराव धोंडे पाटील गावातल्या एका दारुड्या मास्तरावर ओरडत नाही. त्याला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, आपला कारखाना आणि आपलं राज्य मोठ्या कौतुकानं दाखवतो. मारुती कांबळे कुठं गेला, एवढंच मास्तरानं विचारायचं थांबवावं. पाहुणचारातून भीती घालण्याची ही तऱ्हा ज्यांनी कारखान्याच्या सभेला हजेरी लावली आहे त्यांना समजावून सांगावी लागत नाही. मराठीत इतकी सभ्य, इतकी हसतमुख दहशत 'सामना'च्या आधी कुणी दाखवली नव्हती, आणि नंतर ती दाखवायला कुणी धजावल्याचं मला दिसत नाही.

चित्रकलेतही हाच निवाडा लागतो. गॅलरीच्या काळ्या खोलीत लाल दिवा, भिंतीवर हातांचे ठसे आणि स्पीकरमधून श्वासाचा आवाज, असल्या मांडण्यांवर मी एक ओळ खर्चली ती पुरे. सवी सावरकरांच्या अम्लरेखनांपुढे मात्र थांबावं लागतं. गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधलेला अस्पृश्य त्यांनी पुनःपुन्हा काढला. रेषा खरबरीत आणि काळ्याकुट्ट आहेत, अंग वाकलेलं आहे, पण डोळे आपल्याकडे रोखलेले. बघणाऱ्याला जी भीती वाटते ती त्या माणसाची नसते. ते मडकं बांधणाऱ्यांत आपलं घराणं होतं का, या प्रश्नाची असते. चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यातल्या सास्तीचे प्रभाकर पाचपुते कोळशानंच खाणकामगार काढतात. कुणाच्या धडावर डोक्याच्या जागी दिवा, कुणाचं अंगच अवजार झालेलं. माणसाचं काय झालं आहे ते त्याच कोळशाची भुकटी सांगते. या दोघांच्या कामाला भयकला असं कुणी म्हणत नाही, आणि तिथंच आपली गडबड आहे. भीती म्हटलं की आपण भुतांच्या दालनात जातो आणि खऱ्या भीतीवर 'सामाजिक आशय' अशी चिठ्ठी लावून तिला शेजारच्या दालनात बसवतो.

महापुराचंच पाहा. 2005, 2019, 2021. कृष्णा-वारणेच्या काठानं तीनदा तो पाहिला. 2019च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला पुरातून सुटका करणारी बोटच उलटली. या सगळ्याचं आपलं दृश्य संचित काय? ड्रोननं टिपलेली चित्रफीत. वरून पाहिला की पूर देखणा दिसतो: तपकिरी रेशीम पसरावं तसं पाणी, मधे देवळाचा कळस. भीती त्या उंचीवर नसते. ती रात्री दोनला उंबऱ्याशी असते, दावं सोडावं की आधी म्हातारीला उचलावं या घालमेलीत असते. धरणातून किती सोडलं, कधी सोडलं, कुणी सांगितलं नाही, हे प्रश्न त्या उंबऱ्यापाशीच विचारता येतात. आकाशातला कॅमेरा ते विचारत नाही.

उंबऱ्याशी उभा राहिलेला कॅमेरा काय करू शकतो हे नागराज मंजुळे यांनी 'सैराट'च्या शेवटी दाखवलं. माहेरची माणसं घरी आलेली, आहेर आणलेला, चहा झालेला. मग लहान पोर शेजारणीकडून परत येतं, आत जातं, रडत बाहेर येतं, आणि त्याच्या पावलांचे ठसे लाल असतात. आवाज काढून घेतलेला. मी कुठलाही भयपट पाहून इतका भ्यालो नाही. कारण ती माणसं आपण ओळखतो. त्यांच्याबरोबर पंगतीला बसलेलो असतो.

आणि याच मराठी प्रेक्षकाला आता भुताच्या विनोदाची सवय लावली जाते आहे. 'झपाटलेला'त महेश कोठारे आणि रामदास पाध्ये यांनी तात्या विंचू आणला त्याला तीस वर्षं उलटली. ती बाहुली निखळ करमणूक होती आणि त्याहून अधिक काही असल्याचा तिनं आव आणला नाही. आजचा 'मुंज्या' आव आणतो. तो लोककथेचं, मातीचं, मुळांचं नाव घेतो. मुंज झालेलं पोर अविवाहित मेलं की पिंपळावर जातं, या समजुतीत केवढं दुःख आहे. पोरं मरत होती, त्यांच्या आया झाडाकडं बघत बसत होत्या. त्या आयांचं चित्रपटानं काय केलं? हशा आणि पाठलाग. लोककथेतलं भय गाळून नुसतं भूत वापरायचं, त्याला संगणकाची कातडी चढवायची आणि पुढच्या भागाची सोय करून ठेवायची, याला मी मातीशी इमान म्हणायला तयार नाही.

यावर दोन बाजूंनी उत्तर येतं, आणि दोन्ही मला मान्य नाहीत. एक बाजू म्हणते, दोन तास घाबरायला आणि हसायला आलोय, समाजशास्त्र कशाला. पण घाबरायला आलेल्या माणसाला कशाला घाबरायचं हे शिकवणं, हीच तर मोठी सत्ता आहे. ज्या गावात सोनोग्राफीच्या खोलीला घाबरायला हवं तिथं पिंपळाला घाबरायला शिकवलं, तर खोलीतल्या माणसाचं फावतं. दुसरी बाजू विवेकवाद्यांची, माझ्या जवळच्या मित्रांची. भुताचे सिनेमे अंधश्रद्धा वाढवतात, तेव्हा ते नकोतच, असं ती म्हणते. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांबद्दल मला पराकोटीचा आदर आहे, तरी हा निष्कर्ष मला पटत नाही. भयकला ही विवेकाची वैरी नाही. लोकांना भीती घालून कोण जगतं, हे दाखवायचं तिच्याइतकं धारदार साधन दुसरं नाही. 20 ऑगस्ट 2013च्या सकाळी पुण्यात दाभोलकर फिरायला निघाले होते. 16 फेब्रुवारी 2015च्या सकाळी कोल्हापुरात गोविंद पानसरे फिरून येत होते. दोन्ही ठिकाणी मोटारसायकलवरून माणसं आली आणि गोळ्या झाडून गेली. ओळखीचा रस्ता, कोवळं ऊन आणि मागून येणारा गाडीचा आवाज, या भीतीनं इथले किती जण आजही चालतात. तिचा चित्रपट कुठं आहे? तिचं चित्र कुठं आहे? ती दाखवायला धैर्य लागतं, आणि हस्तरची नक्कल करायला लागत नाही, एवढाच फरक आहे. कोकणातल्या पावसात दडून बसणं हा भित्रेपणा आहे, आणि भीतीच्या कलावंताला तो शोभत नाही.

म्हणून आमच्या पोरांना माझं सांगणं एकच आहे. घाट उतरू नका, वाटेगावला जा. वाटेगाव आपल्याच तालुक्यात आहे, आणि तिथल्या अण्णा भाऊ साठे यांनी 'स्मशानातील सोनं' लिहून ठेवलं आहे. वारणेकाठचा धिप्पाड भीमा मुंबईच्या उपनगरात दगडाच्या खाणीत राबतो. खाण बंद पडते. राखेत एकदा त्याला सोनं सापडतं, आणि मग तो रात्री स्मशानात जाऊ लागतो, राख चाळतो, मढी उकरतो. एका रात्री त्याच मढ्यासाठी आलेल्या कोल्ह्यांशी त्याची झुंज होते. नंतर प्रेताच्या तोंडातलं सोनं काढताना त्याची बोटं त्या जबड्यात अडकतात आणि तो ती गमावतो. या कथेवर चित्रपट करायचा तर धूर सोडू नका, प्रेताचे डोळे उघडू नका, जबडा आपोआप मिटल्याचं दाखवू नका. भीमाचा हात दाखवा, कारण दगड फोडायची सवय असलेला तो हात आता काय उकरतो आहे ते प्रेक्षकाला दिसलं पाहिजे. आणि बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी त्याची बोटं गेल्यावरच येते, तो प्रसंग घाईत उरकू नका. खाण कुणी बंद केली आणि कुणी उघडली, त्या माणसांना चेहरे द्या, नावं द्या, पडद्यावर भीमाइतकीच जागा द्या.